पॉवरही मिळेल आणि लवकर तुटणारही नाही, असं बॅडमिंटन रॅकेटचं कोणतं गटिंग (तारांची जाळी) करावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: नागपुरात सकाळी डबल्स खेळता, आठवडाभर प्लास्टिक शटल आणि रविवारी फेदर. रॅकेटला यॉनेक्सची बीजी ६६ अल्टिमॅक्स ही स्ट्रिंग, म्हणजे तार, आहे, २८ पाउंडांच्या ताणावर. ती सारखी तुटते आणि एवढं करूनही स्मॅश मागच्या लायनीपर्यंत दमदार जात नाही. म्हणून दुसरी कोणती स्ट्रिंग घ्यावी, हा प्रश्न. स्ट्रिंगचं नाव खाली सांगतोच, पण भाऊ, आधी ते २८ खाली आणा. तुमच्या दोन्ही तक्रारी निम्म्याहून जास्त तिथेच मिटतील.

मी दुकानदार नाही. घरी एक मशीन आहे, ओळखीतल्या लोकांच्या आणि पोरांच्या रॅकेटी विणून देतो. त्यामुळे तुटलेल्या तारा भरपूर बघायला मिळतात, आणि त्या बघून बरंच कळतं.

जास्त पाउंड म्हणजे जास्त पॉवर, हा समज आपल्या हॉलांमध्ये पक्का बसलेला आहे. त्याला कारण आवाज. ताणलेल्या गटिंगवर शटल नीट बसलं की ‘टण्ण’ असा कोरडा आवाज येतो आणि फटका कडक गेला असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं असतं. ताण कमी असला की जाळी जास्त दबते, शटल तिच्यावर क्षणभर जास्त रेंगाळतं आणि परत फेकलं जाताना जाळीचाच जोर त्याला मिळतो. ताण वाढवला की जाळी फळीसारखी होते. मग सगळा वेग तुमच्या मनगटातून आणि खांद्यातून यायला हवा. ज्यांचा हात तेवढा वेगवान आहे त्यांना जास्त पाउंडांवर शटल कुठे जाणार हे नेमकं ठरवता येतं, म्हणून ते तसं विणून घेतात. शिवाय ताण वाढला की रॅकेटच्या मधला चांगला फटका बसणारा भाग लहान होतो. थोडं वर-खाली लागलं की शटल मेल्यासारखं जातं आणि तारेवर नको तिथे झटका बसतो.

२०२२ च्या जानेवारीत आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडने इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं, तेव्हापासून इथल्या हॉलांत पोरं वाढली, चांगलं झालं. पण बारा वर्षांचं पोरगं येऊन ‘काका, तीस पाउंड टाका’ म्हणतं तेव्हा मी सरळ नाही म्हणतो. भारताचा डबल्स खेळाडू सात्विकसाईराज याने २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून गिनीजमध्ये नाव नोंदवलं, तो वेग त्याच्या उंचीतून, खांद्यातून आणि वर्षानुवर्षांच्या सरावातून आला. गटिंगवाल्याकडे तसलं काही मिळत नाही.

आणखी एक. हे २८ नक्की २८ आहेत का? हँडल फिरवून ताण देणारं मशीन ठरलेल्या आकड्यावर लॉक होतं, आणि गाठ मारेपर्यंत तार थोडी सैल पडते. इलेक्ट्रॉनिक मशीन तोवर ताण धरून ठेवतं. त्यामुळे बर्डी बाजारातल्या एका दुकानाचे २६ आणि दुसऱ्या दुकानाचे २६ हाताला वेगळे लागू शकतात. म्हणून दुकान शक्यतो बदलू नका. एकाच माणसाकडे, एकाच मशीनवर करा, म्हणजे पुढच्या वेळी एक पाउंड वर किंवा खाली सांगण्याला काही अर्थ राहतो. तुमच्या रॅकेटवर दांडा फ्रेमला मिळतो त्या भागात किंवा दांड्यावर किती पाउंडांपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, तेही एकदा वाचा. बऱ्याच मधल्या किमतीच्या रॅकेटी २८ च्या काठावरच असतात. त्यापुढे गेलात आणि फ्रेम गेली, तर वॉरंटीही गेली.

आता तुटण्याबद्दल, कारण खरी गंमत इथे आहे. पुढच्या वेळी तार तुटली की लगेच दुकानात पळू नका. कुठे तुटली ते बघा.

फ्रेमच्या वरच्या कडेजवळ, एकाच फटक्यात, टोक स्वच्छ असताना तुटली असेल, तर ती वेळ चुकल्यामुळे तुटली. शटल जाळीच्या मध्ये लागायच्या ऐवजी वरच्या टोकाला लागलं. तिथे तार आखूड असते, तिला दबायला जागा नसते, आणि बारीक, जास्त ताणलेली तार तो झटका सोसत नाही. तुमचं प्रकरण मला बहुतेक हेच वाटतं, कारण डबल्समध्ये घाईघाईत मारलेले स्मॅश आणि २८ पाउंड ही जोडी हेच करते. मधोमध तुटली असेल आणि तुटल्याजागी खाच पडून धागे पिंजलेले असतील, तर काळजी नको. उभ्या आणि आडव्या तारा एकमेकींवर घासून झिजल्या, तार आपलं आयुष्य जगून गेली. कट मारून ड्रॉप टाकणाऱ्यांच्या तारा अशाच जातात. आणि दर वेळी फ्रेमच्या अगदी लगत, त्याच भोकाशी तुटत असेल, तर दोष तारेचा नाही. तिथलं ग्रोमेट, म्हणजे भोकातली प्लास्टिकची नळी, फुटलेली आहे आणि फ्रेमची धार तारेला कापते आहे. ग्रोमेट बदलणं काही रुपयांचं काम आहे, पण दुकानात आपणहून कोणी सांगेलच असं नाही. विचारा.

स्ट्रिंगकडे येतो. सगळा खेळ जाडीचा आहे. जाड तार टिकते, बारीक तार उसळी देते आणि गोड वाजते. तुमची अल्टिमॅक्स ०.६५ मिलिमीटरची, बारीक गटात मोडणारी. त्याहून पुढे एक्सबोल्ट ६३ म्हणजे ०.६३, एरोसॉनिक तर ०.६१. ह्या तारा खेळायला सुंदर आहेत, पण त्या दुसऱ्याने पैसे भरायचे असतील तेव्हा. दुसऱ्या टोकाला बीजी ६५, ०.७० मिलिमीटर, जिच्यावर अर्धा भारत खेळायला शिकला. लवकर तुटत नाही, पण जराशी थंड. बीजी ६५ टायटॅनियमही तेवढ्याच जाडीची, हाताला थोडी कडक. मधे दोन नावं येतात. नॅनोजी ९५ ही ०.६९ ची, टिकायला बीजी ६५ च्या पंगतीतली, पण माझ्या हाताला तिची उसळी जास्त जिवंत वाटते. बीजी ८० ही ०.६८ ची, कडक तार, जोरात मारणाऱ्यांच्या आवडीची. तिच्यावर स्मॅश बसला की बसला, पण हात मंद असेल तर कोपर आणि खांद्याला ती जाणवते. चाळिशी ओलांडली असेल तर मी तरी तिच्या वाटेला जाणार नाही. एरोबाइटसारख्या दोन जाडींच्या जोडतारा, उभ्या ०.६७ आणि आडव्या ०.६१, नेटजवळ शटल फिरवणाऱ्यांसाठी. तुमच्या यादीत त्यांचं काम नाही.

टिकाऊपणाबद्दल एक गोष्ट कोणी बोलत नाही. न तुटणं आणि ताण टिकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायलॉनची तार विणल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच बराचसा ताण सोडते आणि मग हळूहळू सोडत राहते. बीजी ६५ सहा महिने तुटणार नाही, पण तिसऱ्या महिन्यापासून ती मेलेली असू शकते, आणि ‘पॉवर कमी झाली’ म्हणून माणूस रॅकेट बदलायला निघतो. ओळखायचं कसं? तळहातावर जाळी आपटा. नवीन असताना वाजायची तशी वाजत नसेल, फटक्यानंतर तारा सरकून जागेवर येत नसतील आणि दर रॅलीनंतर तुम्ही बोटांनी त्या सरळ करत बसत असाल, तर तुटायची वाट न बघता कापून टाका. तारेचा आवाज ऐकून ताणाचा अंदाज सांगणारी मोबाइल अ‍ॅप्स आहेत. आकडा तंतोतंत नसतो, पण विणल्या दिवशीचा आणि आजचा फरक चांगला कळतो.

नागपूरकर म्हणून उन्हाळ्याचं वेगळं सांगायलाच हवं. मे महिन्यात बंद गाडीत रॅकेट ठेवून ऑफिसला गेलात, तर त्या भट्टीत तारेचा ताण उतरतो आणि तो परत येत नाही. दुपारभर रॅकेट घरात, बॅगेत ठेवा. शिवाय गरम हवा विरळ असते, शटल आपसूकच लांब जातं. तेव्हा फेदर घेताना ७७ च्या ऐवजी ७६ नंबर (नंबर कमी म्हणजे शटल हळू), आणि मॅव्हिस हे प्लास्टिक शटल घेत असाल तर हिरव्या पट्टीचं, म्हणजे कमी वेगाचं. डिसेंबरच्या सकाळी मानकापूरच्या क्रीडा संकुलात गारठलेल्या हॉलमध्ये पहिल्याच फटक्याला पूर्ण जोराने स्मॅश मारू नका. थंडीत नायलॉन कडक होतं, तार तेव्हाच जाते. आधी पाच-सात मिनिटं नुसते टॉस आणि क्लिअर मारा, खांद्यालाही बरं.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर: नॅनोजी ९५, उभ्या तारा २४ आणि आडव्या २६. आडव्या दोन पाउंड जास्त, कारण विणताना त्या उभ्या तारांवर घासून ताण गमावतात, आणि असं केलं की फ्रेमचा आकारही बिघडत नाही. गाठी दोन की चार, ह्यावर वाद घालू नका, काम नीट झालं की दोन्ही चालतं. पहिले दोन-तीन दिवस हाताला मऊ लागेल, शटल लायनीबाहेर जातील. तेवढं सोसा. महिनाभर खेळूनही शटल हातात राहत नाही असं वाटलं, तर पुढच्या वेळी २५. बजेट आखडतं असेल तर बीजी ६५ ह्याच ताणावर. आणि रविवारीही फेदर सोडून प्लास्टिक शटलनेच खेळणार असाल, तर उभ्या तारा २४ च्या वर जायचं काही कारण मला दिसत नाही, प्लास्टिकचा धक्का हाताला तसाही जास्त बसतो.

दुकानात सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, कारण ह्या तारांची नक्कल सर्रास मिळते. रीळवरून विणत असतील तर रीळ बघायला मागा. २०० मीटरच्या रिळात वीसेक रॅकेटी होतात, त्यामुळे रीळवाल्याकडे स्वस्त पडतं, त्यात गैर काही नाही, फक्त रीळ कोणतं आहे ते डोळ्यांनी बघा. आणि तार तुटली की त्याच वेळी, हॉलमध्येच, कात्रीने मधल्या तारांपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने बाकीच्याही कापून टाका. एकीकडे ताण गेला आणि दुसरीकडे राहिला, तर आठवडाभर बॅगेत पडलेली फ्रेम वाकडी होते, आणि मग गटिंगच्या थोड्या पैशांसाठी रॅकेटचे हजारो जातात.