नील बेटावर एकच रात्र? आधी कालनिर्णय काढा, ओहोटी बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरचा दुसरा आठवडा, सहा रात्री-सात दिवस अंदमान. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. एजंटने दिलंय: पोर्ट ब्लेअर दोन रात्री (त्यात एक दिवस बाराटांग बेटाची फेरी), हॅवलॉक बेट दोन, नील एक, शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. "हे जास्त होतंय का?"

होतंय. मी तीनदा जाऊन आलेय, त्यातल्या पहिल्या वेळी अगदी हाच कार्यक्रम घेतला होता. परत आल्यावर फोटो बघताना कुठला किनारा कुठला यावर नवऱ्याशी वाद झाला. तिसऱ्या वेळी फक्त नील, पाच रात्री. त्या सहलीतलं मला आजही तासातासाने आठवतं.

आधी एजंटचं कौतुक करून टाकते, कारण त्याने एक गोष्ट बरोबर केली आहे: शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. ती काही झालं तरी हलवू नका. डिसेंबरमध्ये आकाश निळंशार असतं हे खरं, पण ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात वादळांचेही दिवस. २०१६ च्या डिसेंबरात असाच कमी दाबाचा पट्टा आला आणि हॅवलॉक-नीलवर हजाराच्या वर पर्यटक अडकले, त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. एवढं मोठं काही व्हायला लागत नाही. आमच्या दुसऱ्या सहलीत नुसता वारा वाढला म्हणून सकाळची बोट रद्द झाली, दुपारच्या बोटीला जागा नाही, आणि आमचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला न घेताच गेलं. चौघांची नवी तिकिटं काढली तेव्हा जी रक्कम गेली तिच्यात अजून एक सहल झाली असती. बोटवाल्यांनी बोटीचे पैसे परत केले, विमानाचे कोण देणार?

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक बेट बदलताना अर्धा दिवस जातो. सकाळी बॅगा भरा, खोली सोडा, जेट्टीवर तास-सव्वा तास आधी पोचा, ओळखपत्रं दाखवा (मूळ लागतात, सगळ्यांची, लेकीचंही), बोटीत दीड-दोन तास, उतरल्यावर बॅगा शोधा, रिक्षा शोधा, आणि हॉटेलवाला म्हणतो खोली एक वाजता. तुमच्या कार्यक्रमात हे तीनदा आहे. सहा रात्रींत दीड दिवस नुसता जेट्टीवर.

पण मी नीलला जास्त रात्री म्हणते त्याचं कारण वेगळं आहे. ते आहे ओहोटी.

माझं माहेर गुहागरचं. आमचे अण्णा घड्याळ न बघता सांगायचे, तिथीची पाऊणपट करा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानला तो तसाच लावू नका, तिथली वेळ वेगळी पडते. पण त्यामागचं तत्त्व तिथेही तेच: दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरेसं मागे हटत नाही.

नीलवर बघायचं ते बहुतेक सगळं या गणितावर चालतं. लक्ष्मणपूर नंबर दोनच्या किनाऱ्यावर जो दगडी कमानीचा नैसर्गिक पूल आहे (तिथले बंगाली लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात), तिथे ओहोटीलाच जाता येतं. पाणी उतरलं की प्रवाळाचा आख्खा ओटा उघडा पडतो आणि त्यातल्या डबक्यांत समुद्र मागे राहतो. भरतपूरच्या किनाऱ्यावर उलट. तिथे पोहायला, मासे बघायला पाणी हवं. ओहोटीला गेलात तर गुडघाभर पाण्यात प्रवाळावर पाय पडतील, प्रवाळ मोडेल आणि पायही कापेल.

आता एका रात्रीचा हिशोब बघा. समजा तुम्ही दुपारी बारा वाजता नीलला उतरलात आणि त्या दिवशी ओहोटी सकाळी दहालाच होऊन गेली. पुढची रात्री साडेदहाला, काळोखात. त्याच्या पुढची दुसऱ्या दिवशी दहा पन्नासला, आणि तुमची बोट साडेदहाची. संपलं. एजंटचा माणूस तरी घेऊन जाईल, कमरेएवढ्या पाण्याच्या अलीकडूनच हाताने पूल दाखवेल, "वो देखिए मॅडम". चार रात्री राहिलात तर ओहोटी कधी ना कधी तुमच्या सोयीच्या वेळेला येते, तिच्या मागे धावावं लागत नाही. म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा, अमावस्या-पौर्णिमा कुठे येतात ते बघा आणि नीलचे दिवस त्यांना लागून ठेवा. नेमकी वेळ इंटरनेटवर पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. नील तिथून चाळीसेक किलोमीटरवर, फारसा फरक पडत नाही.

त्या डबक्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमची लेक नऊ वर्षांची आहे. पायात जुने बूट घाला (नवे नकोत, चप्पल तर अजिबात नको, शेवाळावरून सटकते). तिथला एखादा वाटाड्या सोबत घ्या. आमच्याबरोबर होता त्याने एका डबक्यापाशी आम्हाला उकिडवं बसवलं आणि म्हणाला, बोलू नका. पाण्यात दगडात रुतलेला मोठा शिंपला होता, ओठ उघडे, आणि ते ओठ मोरपिसासारखे निळे-हिरवे. त्याने हाताची सावली वरून नेली. शिंपल्याने पटकन ओठ मिटले. हात काढला, पुन्हा हळूहळू उघडले. माझा मुलगा अर्धा तास तेवढंच करत बसला. पुढे समुद्रकाकडी, सापासारखे हात असलेल्या तारामाशांच्या बहिणी, सगळं आहे. फक्त हातात घेऊन फोटो काढायला वाटाड्याने काही दिलं तर नको म्हणा. दिवसभरात दोनशे जणांच्या हातून जाऊन आलेली ती काकडी जगत नाही.

मात्र सासूबाईंना तिथे खाली नेऊ नका. वाट छोटी आहे, पण खडकाळ आणि ओली. वर टपऱ्या आहेत, तिथे सावलीत बसून शहाळं प्यायला त्यांना जास्त आवडेल. त्यांच्यासाठी लक्ष्मणपूर नंबर एक, संध्याकाळी. सपाट, पांढरी वाळू, सूर्यास्त समोर. भरतपूरला तळाला काच बसवलेली बोट असते, तिच्यातून त्याही प्रवाळ बघू शकतात. चढताना गुडघाभर पाण्यातून पाय उचलावा लागतो, दोघांनी दोन हात धरा.

बोट लागण्याचं बघा. खासगी बोटी वेगवान आणि वातानुकूलित, पण काचा बंद, बहुतेक वेळ जागेवर बसून राहावं लागतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना ही नक्की लागते. सरकारी बोट हळू जाते, साधी आहे, पण डेकवर वारा मिळतो. सासूबाईंना गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि बोट सुटण्याआधी अर्धा तास तरी. सुटल्यावर दिलेली गोळी फक्त पिशवीत पडते. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, खासगींचा धक्का तिकिटावर बघून घ्या. काही खासगी बोटी हॅवलॉकला टेकून नीलला येतात, थेट मिळाली तर तीच घ्या.

तिकिटावर नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका. २०१८ पासून नीलचं अधिकृत नाव शहीद द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झालं. बोलताना सगळे जुनीच नावं वापरतात. जाता जाता, हॅवलॉक आणि नील हे दोघेही १८५७ मधले इंग्रज सेनाधिकारी. कानपूरवर चालून येऊन नानासाहेबांच्या फौजेशी लढला तो हॅवलॉक, आणि त्यानंतर कानपुरात अमानुष सूड उगवला तो नील. दोघेही त्याच वर्षी लखनौला मेले. हे कळल्यावर मला शहीद द्वीप म्हणायला जड जात नाही, सवय मात्र अजून नीलचीच आहे.

"राधानगर न बघता येणार?" असं तुम्हाला सगळे विचारतील. हॅवलॉकचा हा किनारा सुंदर आहे, वाद नाही. जायचंच असेल तर नीलहून बोट तासाभराची आहे, पण वेळा जुळल्या तरच, आणि सासूबाईंना घेऊन एका दिवसात जाऊन येणं नकोच. मी तुमच्या जागी असते तर हॅवलॉक पुढच्या खेपेला ठेवलं असतं. बाराटांग तर सरळ काढून टाका. पहाटे तीनला उठून जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांची रांग, मग ताफ्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणं. गुडघ्यांचा प्रश्न आहेच, पण काचेला नाक लावून माणसं दिसतात का बघायचं, हे मला एकदा केल्यावर पुन्हा करवलं नाही.

तर माझ्या मते: पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनी-प्रकाश खेळ. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने आहेत, सासूबाईंना विचारून ठरवा. माझ्या आई नको नको म्हणत चढल्या आणि वर कोठडीत पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नील, तिथे चार रात्री. सहाव्या दिवशी परत. सातव्या दिवशी विमान. तुम्हा दोघांना स्कूबा करायचं असेल तर नीलच्या सुरुवातीच्याच दिवसांत उरकून घ्या. पाण्याखाली जाऊन आल्यावर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास मोकळे हवेत, चोवीस असले तर उत्तम.

चार दिवस तिथे करायचं काय, हेही विचाराल. तिथला दिवस आपल्यापेक्षा लवकर सुरू होतो हे लक्षात ठेवा. घड्याळ तेच, पण सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ ऐंशी मिनिटं आधी. डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्यास्त, सहाला गुडुप काळोख. नाशिकसारखं नऊला नाश्ता करून निघालात तर दिवस हातातून गेला. पहाटे सीतापूरला सूर्योदय, दुपारी सक्तीची झोप, साडेतीनला पुन्हा पाणी. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं. ते भाजी पिकवतात, पोर्ट ब्लेअरला इथूनच भाजी जाते. बाजारात संध्याकाळी मुळे, वांगी, पालेभाज्या अशा ताज्या असतात की खोलीत चूल असती तर मी स्वयंपाक केला असता. सासूबाईंचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात म्हणालात, तर केळी, पपई, शहाळी भरपूर मिळतात. साबुदाणा मात्र घरून न्या.

बाकी किरकोळ. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, नीलवर मोबाईल पैसे पाठवायला नेमका हवा तेव्हा रेंज सोडतो. विजेरी न्या. वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि आठवडाभर खाजतं, ओल्या वाळूवर टॉवेल टाकून लोळू नका. सासूबाईंच्या नेहमीच्या गोळ्या दहा दिवसांच्या न्या, बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. खोली तळमजल्याची आणि कमोड असलेली, हे हॉटेलला स्वतः फोन करून विचारा, एजंटच्या "हो हो"वर जाऊ नका.

आणि लेकीला आधीच सांगून ठेवा की शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे आणायचे नाहीत. कायद्याने बंदी आहे, विमानतळावर बॅगा तपासताना काढून घेतात. आमच्या मुलाने पहिल्याच दिवशी एक गोल शंख गुपचूप खिशात घातला आणि रात्री टेबलावर ठेवला. दहा वाजता दिवा मालवल्यावर टक्, टक्, टक्. दिवा लावला तर शंख टेबलाच्या कडेला. आत खेकडा होता. त्या रात्री विजेरी घेऊन बाप-लेक त्याला वाळूत सोडून आले, आणि उरलेले दिवस पोराने एकही शंख आधी कानाला लावून, मग उलटा करून आत कोणी आहे का बघितल्याशिवाय उचलला नाही. उचलला तोही परत तिथेच ठेवला.

तुमच्या तारखा कळवा, त्या आठवड्यातल्या ओहोटीच्या वेळा काढून कुठल्या दिवशी पूल आणि कुठल्या दिवशी भरतपूर ते मी मांडून देते.