खांगशी हे राजाचं नाव नाही हो!

प्रश्न आलाय की चीनच्या इतिहासात 'खांगशी 61' असं साल दिसतं, ते म्हणजे सम्राटाचं वय की राज्याची वर्षं? वय नाहीच, आणि राज्याची वर्षंही तंतोतंत नाहीत. सम्राटाचं नाव श्वेनये, गादीवर आला 1661 ला, पण ते साल बापाच्याच 'शुनचर 18' या नावाने संपवलं आणि खांगशी 1 लागलं ते पुढच्या नववर्षाला, 1662 मध्ये. म्हणजे 61 आलं 1722 ला. खांगशी हे वर्षांना दिलेलं नाव, माणसाला नाही, तरी जो तो लिहितो 'खांगशीचा जन्म 1654 चा'. अरे, तेव्हा खांगशी उजाडायलाच आठ वर्षं होती! त्याच्या कितीतरी आधीचा, हान घराण्याचा सम्राट वू वर्षांची ही नावं बदलतच राहायचा, त्याचं पहिलं नाव इ.स.पू. 140 पासून धरतात. मिंग घराण्यापासून, म्हणजे 1368 नंतर, एका सम्राटाच्या सगळ्या वर्षांना एकच नाव असा रिवाज पडला (एखादा अपवाद सोडा) आणि तिथूनच वर्षांचं नाव सम्राटाला चिकटवायचा हा घोळ.

या नावांना चिनीत म्हणतात 'न्येन-हाव', आणि खरी मजा त्या 'न्येन'मध्ये आहे. न्येन म्हणजे वर्ष, पण मुळात पीक! चीनच्या प्राचीन शांग काळातल्या शकुन बघायच्या हाडांवर हे अक्षर म्हणजे चक्क धान्य वाहणारा माणूस आहे. आता आपलं बघा, 'वर्ष' म्हणजे आधी पाऊस, 'अब्द' म्हणजे पाणी देणारा, ढग, म्हणजे शताब्दी एक्स्प्रेस ही खरं तर शंभर ढगांची गाडी. त्यांनी कापणी मोजली, आपण पाऊस मोजला. माझं तर मत आहे की शेतकऱ्याने आधी वर्ष मोजलं आणि राजाने त्यावर फक्त स्वतःचा शिक्का मारला, कोणाला पटो न पटो.

आणि न्येन-हावचं भाषांतर 'शक' करणारे विद्वान, त्यांना तर हात जोडले. राज्याभिषेक शक 1674 ला सुरू झाला आणि महाराज गेल्यावरही आकडा पुढेच चालला, संभाजीराजांनी परत 1 पासून मोजलं नाही. त्याच 1674 ला चीनमध्ये खांगशी 13 चालू होतं. श्वेनये 1722 च्या डिसेंबरात गेला आणि नवीन वर्ष लागताच पुढच्या सम्राटाचं योंगचंग 1! एक आकडा चालत राहतो, दुसरा राजागणिक पुसला जातो, मग दोन्हीला एकच शब्द कसा चालेल? 'कालनाम' म्हणा की सरळ.