हार्ट्‌झची सहल आणि भोपळ्याचं सूप

जर्मनीतल्या पहिल्या ऑक्टोबरात हार्ट्‌झ या डोंगराळ भागात जाणार असाल तर युथ हॉस्टेल नको, तिथे बहुधा स्वयंपाकाची सोय नसते. चौघांत मिळून तिथल्या वेर्निगेरोडे गावात किचन असलेला फ्लॅट घ्या. डॉइचलांडटिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) रिजनल गाड्यांना चालतं, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीला नाही. ब्रोकेन या तिथल्या सर्वांत उंच डोंगरावर जाणाऱ्या वाफेच्या गाडीचं तिकीट वेगळं. डोंगर 1141 मीटरच, पण वर वारा बोचतो, धुकंही दाट. नुसत्या स्वेटरवर जाऊ नका. वाणसामान शनिवारीच भरा, रविवारी दुकानं बंद.

फ्लॅटवर करायच्या सूपसाठी होक्काइडो हा छोटा नारिंगी भोपळाच घ्या. त्याची साल शिजून मऊ होते, सोलायची कटकट नाही. 1 किलोचा चौघांना पुरतो. आधी कच्ची फोड जिभेला लावा. कडू लागली तर अख्खा भोपळा टाकून द्या, तो कडूपणा शिजवून जात नाही आणि विषारी असतो. शोभेचे भोपळे तर खायचेच नाहीत.

इलेक्ट्रिक शेगडीची प्लेट बंद केल्यावरही तापलेली राहते, फोडणी जळते ती त्यामुळेच. 2 चमचे तेल तापलं की भांडं बाजूला घ्या, मग जिरं-हिंग टाका. कांदा, बोटाच्या पेराएवढं आलं, भोपळ्याच्या फोडी घालून कडा तांबूस होईपर्यंत परता. इथे घाई केली की सूप पांचट लागतं. 700 मिली पाणी, मीठ, 20 मिनिटं झाकण. सुरी सालीतून अलगद गेली की घोटा. नारळाचं दूध 200 मिली, अगदी शेवटी. खळखळ उकळलं तर फुटतं. वर लिंबू पिळाच.