बागेची प्रश्नोत्तरे : दिवाळीच्या सुमाराची फुले

प्रश्न : आमच्या गच्चीवर शेवंतीच्या एकाच झाडापासून केलेली रोपे दोन ठिकाणी ठेवली आहेत. मागच्या बाजूच्या कुंड्या दिवाळीच्या सुमारास फुलांनी भरतात. रस्त्याकडच्या कठड्याजवळील रोपे हिरवीगार असूनही कळी धरत नाहीत. ऊन, माती आणि खत दोन्हीकडे सारखेच आहे. कारण काय असावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण दोन्हीकडचे ऊन ताडून पाहिले आहे, आता रात्रही पाहावी. रस्त्याकडच्या रोपांवर पथदिव्याचा उजेड पडत असेल, तर बहुधा तेच कारण आहे. शेवंती कळी धरते ती रात्र पुरेशी लांब झाल्यावर, आणि ती रात्र सलग अंधाराची असावी लागते. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर तो बारा तासांवर येतो आणि डिसेंबरमध्ये अकराच्या आसपास. एवढ्या थोड्या फरकावर ज्या झाडाचे फुलणे ठरते, त्याला मध्यरात्रीचा मंद उजेडही लांब दिवसासारखा भासतो आणि ते पानेच वाढवत राहते. हरितगृहात शेवंती पिकवणारे याच गुणाचा उपयोग करून घेतात. फुले लांबवायची असल्यास ते रात्री दिवे लावतात आणि लवकर हवी असल्यास संध्याकाळी काळे कापड ओढतात.

कुंड्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत मागच्या बाजूस हलवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. लांब रात्री मिळू लागल्यापासून फूल उमलेपर्यंत जातीनुसार साधारण सात ते अकरा आठवडे लागतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये हलवलेली रोपे फुलतील, पण दिवाळी गाठणार नाहीत. रात्री गरम राहिल्या, तर हा काळ आणखी लांबतो. कुंड्यांवर रोज खोके पालथे घालण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मला तो फारसा पटत नाही, कारण आपल्याकडच्या दमट सप्टेंबरात आत हवा कोंडते आणि पानांवर काळे ठिपके पडू लागतात.

प्रश्न : दिवाळीत रोपवाटिकेतून आणलेली बुटकी, गोलसर शेवंती फुले संपल्यावर टाकून द्यावी का? मागील वर्षी एक राखली होती, तर ती उंच वाढून आडवी पडली.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टाकू नये. शेवंती बहुवर्षायू आहे, आणि बाजारातील बुटकेपणा पुष्कळदा वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या फवारणीचा असतो. त्याचा परिणाम ओसरला की झाड आपल्या मूळच्या उंचीला जाते.

थंड देशांत हिमामुळे या झाडाचा वरचा भाग मरतो आणि त्याला आपोआप विश्रांती मिळते. आपल्याकडे ते काम कात्रीने करावे लागते. फुले संपल्यावर जानेवारीच्या सुमारास झाड जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर ठेवून छाटावे. बुडाशी जे फुटवे येतात, ज्यांना शेतकरी काश्या म्हणतात, ते मुळांसह वेगळे करून लहान कुंड्यांत लावावेत आणि जुने, लाकडी झालेले खोड खुशाल काढून टाकावे, कारण त्याची फुले वर्षागणिक लहान होत जातात. एप्रिल-मे महिन्यांत रोपांना दुपारची सावली द्यावी. मोठ्या कुंडीत हलवण्याची वेळ जूनची, आणि मातीत वाळू किंवा विटांचा चुरा सढळ हाताने मिसळावा. पावसाळ्यात शेवंती कुजते ती पाण्याचा निचरा न झाल्यामुळेच.

रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, आणि नव्या फांद्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत, म्हणजे रसायनाशिवायही झाड पसरट राहते. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र खुडणे थांबवावे, नाहीतर येऊ घातलेल्या कळ्याच हातात येतील. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसल्यास आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा, औषध त्यानंतर.

प्रश्न : सोनटक्क्याला गणपतीत भरपूर फुले येतात, पण ऑक्टोबर लागताच पानांच्या कडा करपतात आणि बहर थांबतो. तो लांबवता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येईल. सोनटक्का ओल्या जमिनीत वाढणारा आहे. पाऊस थांबल्यावर आपण इतर झाडांना देतो तेवढे पाणी त्याला पुरत नाही. माती कधीही सुकू देऊ नये, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि दुपारचे ऊन टळेल अशी जागा पाहावी. एका दांड्याला एकदाच तुरा येतो, म्हणून फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापावेत, म्हणजे मागून येणाऱ्यांना जागा मिळते. कंदांची गर्दी झाली असल्यास ते मेअखेरीस, पहिल्या पावसाआधी खणून वेगळे करावेत, आणि प्रत्येक तुकड्याला निदान एक-दोन डोळे राहतील असे पाहावे.