वाचकांचे प्रश्न : हातातला काउंटर आणि चुकणारी मोजणी

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच लहानशा वस्तूबद्दल आहेत. अंगठ्याने बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो, तो हातातला काउंटर. वस्तू साधी आहे, पण तिच्या आकड्यावर पुढचे निर्णय उभे राहतात, म्हणून काही उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : प्रदर्शनाच्या दारावर येणारी माणसं मोजायची आहेत. खटक्याचा धातूचा काउंटर घ्यावा की डिजिटल? डिजिटलमध्येही बोटात घालायचा आणि मुठीत धरायचा असे दोन प्रकार दिसतात.

उत्तर : तासन् तास उभं राहून मोजायचं असेल तर मुठीत धरायचा घ्या. बोटातल्या काउंटरचं बटण लहान असतं आणि अंगठा त्यावर तिरका येतो. शंभर-दीडशे दाबांपर्यंत काही जाणवत नाही. आकडा हजाराच्या पुढे गेला की अंगठ्याचं मूळ दुखू लागतं आणि दाब अर्धवट पडतात. हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतील आणि दाब तुरळक असतील, उदाहरणार्थ विणकामाच्या ओळी किंवा मैदानाच्या फेऱ्या मोजताना, तिथे बोटातलाच सोयीचा.

खटक्याच्या काउंटरला सेल लागत नाही आणि चाकांवर आलेला आकडा कुठे जात नाही, हे त्याचे मोठे गुण. मात्र बहुतेकांत चारच अंक असतात, त्यामुळे ९९९९ नंतर ०००० येतो. शून्य करण्याची बाजूची चावी पुरती फिरवली नाही तर चाकं दोन अंकांच्या मध्ये थांबतात आणि ३ आहे की ४ हे कळत नाही. त्याची खटखट शांत जागी खुपते. डिजिटलमध्ये बहुधा पाच अंक मिळतात आणि आकडा एका नजरेत वाचता येतो.

डिजिटल घेताना आधी रीसेटचं बटण बघा. ते खोलगट हवं, किंवा दोन-तीन सेकंद दाबून धरल्यावरच चालणारं हवं. मोजायचं बटण दाबताना बोटाला स्पष्ट ‘टक्’ जाणवली पाहिजे, नुसतं मऊ दबणारं बटण नको. सेलचं झाकण स्क्रूचं असावं. मग तिथेच दहा-दहा दाबांची चाचणी करा : न बघता दहा दाब द्या, मग स्क्रीन बघा. दर दहा दाबांनी एकम स्थानचा अंक पुन्हा तोच यायला हवा. एकाने कमी आला तर दाब गळला, एकाने जास्त आला तर एक दाब दोनदा मोजला गेला. असे दहा गट करा : काही हळू, काही भरभर, काही बटणाच्या कडेवर. कडेवरचे दाब गळणारा काउंटर घेऊ नका. थकलेला अंगठा कडेवरच पडतो.

प्रश्न : एकाच दारावर दोघांनी तासभर मोजलं. एकाचा आकडा ४१२, दुसऱ्याचा ४३७. दोन्ही काउंटर नवे आहेत. कोणाचा बरोबर?

उत्तर : हा फरक सुमारे ६ टक्के आहे, आणि नव्या यंत्रांत दोष असण्यापेक्षा दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या असण्याची शक्यता जास्त. कडेवरचं मूल एकाने धरलं असेल, दुसऱ्याने नाही. दारात येऊन चौकशी करून परतलेला माणूस, सामान आत-बाहेर नेणारे कर्मचारी, फोन घ्यायला बाहेर जाऊन पुन्हा आलेला पाहुणा, यांचं काय करायचं हे ठरलेलं नसेल तर दोन शहाणी माणसं दोन आकडे देणारच.

म्हणून मोजणीआधी नियम कागदावर लिहून दोघांना द्या. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची एक रेघ मारा आणि ठरवा : माणसाचं धड रेघ ओलांडेल तेव्हाच दाबायचं. पाऊल पडलं की दाबायचं ठरवलं तर रेघेवर उभं राहून गप्पा मारणाऱ्यांचा घोळ होतो. उभं राहायचं रेघेच्या बाजूला, येणाऱ्यांच्या समोर नाही. समोरून पाहताना पुढचा माणूस मागच्याला झाकतो, बाजूने दोघं वेगळे दिसतात.

दर दाबानंतर स्क्रीन बघायची सवय हे दुसरं कारण. नजर खाली गेली की तेवढ्यात एखादा निसटतो. म्हणूनच बटणाची टक् बोटाला कळणं महत्त्वाचं. डोळे रेघेवर राहिले पाहिजेत, आकडा बघायचा तो रांगेत खंड पडल्यावर. दर अर्ध्या तासाने माणूस बदला, किंवा निदान हात तरी बदला.

नियम सारखा केल्यावर दोघांनी पुन्हा अर्धा तास एकत्र मोजावं. विरळ रांगेत एक-दोन टक्क्यांचा फरक आम्ही चालवून घेऊ. त्याहून जास्त राहिला तर काउंटर अदलाबदल करून पाहा. फरक काउंटरबरोबर गेला तर यंत्र तपासायचं, माणसाबरोबर राहिला तर मोजण्याची पद्धत.

प्रश्न : आत किती माणसं आहेत हे सतत हवं असतं. अधिक-उणे अशी दोन बटणं असलेला एकच काउंटर पुरेल ना?

उत्तर : आम्ही दोन वेगळे काउंटर सुचवू. एका हातात आत येणारे, दुसऱ्या हातात बाहेर जाणारे, आणि दोघांना दोन रंगांची पट्टी. अधिक-उणेवाल्यात फक्त शिल्लक उरते. एकूण किती आले, किती गेले हे दोन्ही आकडे हरवतात आणि चूक शोधायला काहीच राहत नाही.

शिवाय शिल्लक हा आकडा मुळातच हळवा आहे. समजा दोन्ही मोजण्यांत फक्त १ टक्का चूक आहे. सुरुवातीला ६०० आत आले आणि २०० बाहेर गेले, म्हणजे आत ४००. चूक फार तर ६ अधिक २, म्हणजे ८ माणसांची. दिवस संपताना ३००० आले आणि २९०० गेले, तर आत १००. पण आता चूक ३० अधिक २९, म्हणजे ५९ पर्यंत जाऊ शकते. हात तोच, काळजी तीच, तरी आकडा निम्म्याहून जास्त हलतो. यावर उपाय एकच : जागा पूर्ण रिकामी होईल ती प्रत्येक वेळ साधा. तेव्हा दोन्ही काउंटर सारखे यायला हवेत. जो फरक दिसेल ती तोवरची चूक. ती लिहून ठेवा आणि पुढची शिल्लक तिथून नव्याने धरा. आत माणसं किती, यावर सुरक्षेची मर्यादा अवलंबून असेल तर हे टाळून चालणार नाही.

प्रश्न : वर्षभर वापरलेला डिजिटल काउंटर कधी एका दाबाला दोन मोजतो, कधी एकही नाही. दुरुस्त होतो का?

उत्तर : बहुतेक वेळा होतो. आत काय घडतं ते आधी पाहू. बटणाचे संपर्क एकमेकांना टेकताना एकदाच टेकत नाहीत. काही मिलिसेकंद ते थरथरतात, जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. ही थरथर गाळण्यासाठी आतली चिप पहिला संपर्क मोजते आणि पुढचा थोडा काळ दुर्लक्ष करते. संपर्क झिजले की थरथर लांबते, दुर्लक्षाच्या काळाबाहेर जाते आणि एका दाबाचे दोन होतात. उलट, दुर्लक्षाचा काळ जास्त ठेवलेल्या यंत्रात भरभर दिलेला दुसरा दाब गिळला जातो. हा काळ १०० मिलिसेकंद असेल तर सेकंदाला १० च्या वर दाब मोजलेच जाणार नाहीत. अंगठ्याला तेवढा वेग गाठता येत नाही, त्यामुळे दाब गळतात ते बहुधा मळामुळे.

उघडायचं असेल तर आधी आकडा लिहून घ्या आणि सेल काढा. मागचे स्क्रू काढून पाठ अलगद उचला. रबरी बटणाच्या पोटाशी एक काळी गोल टिकली दिसेल. ती कार्बनची असते. समोरच्या सर्किटच्या पट्टीवर एकमेकांत बोटं गुंफल्यासारख्या दोन जाळ्या असतात. टिकली दोन्हींवर टेकते तेव्हा वाट जुळते. घाम आणि धुळीचा पातळ थर बसला की ती नीट जुळत नाही. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, जेमतेम ओली ठेवा, जाळ्या पुसा. टिकलीवरून काडी एकदाच हलकी फिरवा. घासलंत तर कार्बनच निघून येईल. पाच-दहा मिनिटं वाळू द्या, मग बंद करा आणि दहा-दहाची चाचणी घ्या.

आत रबराऐवजी चौकोनी, धातूच्या आवरणाचं टकटकणारं बटण निघालं तर पुसून फारसं साधत नाही. ते बदलावं लागतं, आणि त्यासाठी डाग देता (सोल्डरिंग करता) येणारा माणूस हवा.

प्रश्न : खिशात रीसेट दाबलं गेलं आणि तीन तासांची मोजणी गेली. परत मिळेल का?

उत्तर : साध्या काउंटरमध्ये नाही. पण पुढच्या वेळी इतकं जाणार नाही, अशी व्यवस्था सोपी आहे. दर १५ मिनिटांनी वेळ आणि स्क्रीनवरचा आकडा लिहा, आणि काउंटर शून्य करू नका. १०:०० ला ०, १०:१५ ला ८७, १०:३० ला २०३. मधल्या पाव तासाचा आकडा वजाबाकीने निघतो : ८७ आणि ११६. दर वेळी शून्य केलं तर लिहायला आणि शून्य करायला जो क्षण जातो त्यात माणसं सुटतात, आणि एखादी नोंद राहिली तर ती कायमची गेली. चढत्या आकड्यांत राहिलेली नोंद पुढच्या नोंदीत आपोआप सामावते. शिवाय आधीच्या नोंदीपेक्षा लहान आकडा दिसला की रीसेट झाल्याचं लगेच लक्षात येतं. खोलगट नसलेल्या रीसेटवर मधोमध भोक पाडलेला जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. मग ते पेनाच्या टोकानेच दबेल.

प्रश्न : स्क्रीनवर ८ चा ६ दिसतो. सेल बदलला तरी तेच.

उत्तर : सगळे अंक फिके असतील तर सेल. एखादीच रेघ गायब असेल तर स्क्रीनची काच आणि सर्किटची पट्टी यांना जोडणारा रबरी पट्टा सरकला आहे किंवा मळला आहे. बारकाईने पाहिलंत तर त्या पट्ट्याच्या कडेवर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा आलटून-पालटून दिसतात. काळ्यातून वीज जाते, पांढऱ्यातून नाही. पट्टा आणि काचेची कड कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा, पट्टा सरळ बसवा आणि स्क्रू सारखे आवळा. एका बाजूचा सैल राहिला की तीच रेघ पुन्हा जाते. तोवर हा काउंटर वापरू नका. बंद पडलेला काउंटर निदान कळतो, ८ ला ६ दाखवणारा कळत नाही.

प्रश्न : सेल कोणता आणि कधी बदलावा?

उत्तर : झाकणाच्या आत लिहिलेलाच. अनेक काउंटरमध्ये एलआर४४ किंवा एलआर११३० असतो. दोन्हींचा व्यास ११.६ मिलिमीटरच, म्हणून गल्लत होते. जाडी मात्र ५.४ आणि सुमारे ३.१. जाड सेल कोंबला तर पत्ती वाकते, पातळ टाकला तर हादऱ्याने संपर्क सुटतो आणि मधेच आकडा शून्य होतो. एलआर४४ च्या जागी एसआर४४ चालतो. सिल्व्हर ऑक्साइडचा हा सेल शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ स्थिर ठेवतो, मोठ्या मोजणीआधी तोच घाला. सेल काढताच आकडा जाणार असं धरून आधी लिहून घ्या. काही महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवा. अल्कधर्मी सेल गळला की पांढरी पूड जमते. ती क्षार असते, हाताला लागू देऊ नका. व्हिनेगरमध्ये जेमतेम भिजवलेल्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने, आणि पुरतं वाळू द्या.

घरात लहान मूल असेल तर एवढं नक्की पाळा : स्क्रूच्या झाकणाचाच काउंटर, आणि काढलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर. बटणासारखा सेल गिळला गेला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजू शकतो, आणि मूल सुरुवातीला बरंच दिसतं. उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : पक्ष्यांचा मोठा थवा एकेक दाबून मोजता येत नाही.

उत्तर : येणारच नाही. आधी दहा पक्षी एकेक मोजा आणि तेवढा ठिपका डोळ्यांत भरून घ्या. मग थव्यावरून तेवढा तुकडा सरकवत जा, एका तुकड्याला एक दाब. शेवटी आकड्याला दहाने गुणा. वहीत ‘×१०’ आकड्याशेजारीच लिहा, नाहीतर आठवड्याने ८४ दिसतात आणि ते ८४ होते की ८४० हे सांगता येत नाही. थवा हलता असेल तर त्याच्यामागे नजर फिरवू नका. एखादं झाड किंवा खांब धरा आणि त्यापुढून जाणारे तुकडे मोजा. थव्याच्या कडेला पक्षी विरळ असतात, तिथे तुकडा मोठा धरावा लागतो. पहिल्या काही वेळा नेमकी इथेच मोजणी जास्त येते.

प्रश्न : फोनवरचं मोजणीचं ॲप का नको?

उत्तर : वीस-पंचवीस गोष्टी मोजायला खुशाल वापरा. काचेवर कडा नसते, त्यामुळे अंगठा बटणावरून घसरला तरी बोटाला कळत नाही. ओल्या बोटाने दाब लागत नाही, आणि ऐन गर्दीत फोन वाजला की स्क्रीन बदलते. आवाज वाढवण्याच्या बटणाने मोजणारं ॲप मिळालं तर ते बरंच बरं, कारण निदान खरं बटण हाताखाली येतं.