आधी उत्तर सांगा, मग प्रोग्राम चालवा

या वेळी आलेली बरीच पत्रं कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीबद्दलची आहेत. मी हा विषय शिकवते. माझा दिवस वर्गापेक्षा लॅबमध्ये, कुणाच्या तरी शेजारी स्टूल ओढून बसण्यात जास्त जातो. म्हणून उत्तरंही तिथलीच आहेत.

प्रश्न : मॅडम, मी पहिल्या वर्षाला आहे. शाळेत मला कॉम्प्युटर हा विषय नव्हता. वर्गात शिकवलेला प्रोग्राम वाचला की कळतो, पण कोरी स्क्रीन समोर आली की एक ओळ सुचत नाही. वर्गातली काही मुलं शाळेपासून कोडिंग करत आलीत, ती भराभर लिहून मोकळी होतात. मी चुकीच्या शाखेत आलेय का?

उत्तर : नाही. कोरी स्क्रीन बघून हातपाय गळणारी तू एकटी नाहीस. दर वर्षी निम्मा वर्ग याच जागी अडतो. लिहिलेला प्रोग्राम वाचून कळणं आणि स्वतः लिहिता येणं यांच्या मधे एक पायरी आहे आणि घाईत ती गाळली जाते. ती पायरी म्हणजे प्रोग्राम कागदावर, हाताने चालवून बघणं. लॅबमध्ये त्याला ड्राय रन म्हणतात. परीक्षेत दोन-चार मार्कांना विचारतात म्हणून मुलं ते तेवढ्यापुरतं करतात. मला विचारशील तर पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यास तोच आहे.

एक उदाहरण घेऊ. आकड्यांच्या यादीतला दुसरा सर्वांत मोठा आकडा शोधायचा आहे. सहसा पहिलं उत्तर असं येतं : ‘मोठा’ आणि ‘दुसरा’ अशी दोन व्हेरिएबल्स (आकडा ठेवायच्या जागा) घ्यायची, दोन्हींत यादीतला पहिला आकडा ठेवायचा आणि लूप, म्हणजे पुढचे आकडे एकेक करून बघणारी फेरी, सुरू करायचा. पुढचा आकडा ‘मोठा’पेक्षा मोठा निघाला, तर ‘मोठा’मधला आकडा ‘दुसरा’मध्ये सरकवायचा आणि नवा आकडा ‘मोठा’मध्ये ठेवायचा. ४, ६, ९ देऊन चालवलं, उत्तर ६ आलं. फाइल सबमिट केली.

आता वही उघड आणि तीन रकाने आख : आलेला आकडा, मोठा, दुसरा. यादी घे ४, ९, ६. सुरुवातीला दोन्हीकडे ४. मग ९ आला, ‘दुसरा’मध्ये ४ गेला, ‘मोठा’ झाला ९. मग ६ आला. तो ९ पेक्षा मोठा नाही, म्हणून काहीच बदललं नाही. लूप संपला आणि उत्तर राहिलं ४. खरं उत्तर ६ आहे. पहिल्या वेळी आकडे चढत्या क्रमाने दिले होते, म्हणून तेवढं निभावलं.

मग तू एक अट वाढवशील : आकडा ‘मोठा’पेक्षा लहान आणि ‘दुसरा’पेक्षा मोठा असेल, तर तो ‘दुसरा’मध्ये ठेव. ४, ९, ६ सुटलं. आता ९, ४, ६ घे. सुरुवातीलाच दोन्हीकडे ९ बसले. ४ आला, ६ आला, पण ‘दुसरा’मध्ये आधीच ९ आहे, त्याच्यापुढे दोघांचंही काही चालत नाही. उत्तर ९. म्हणजे आता दोष अटीत नाही, सुरुवातीच्या किमतीत आहे. ‘दुसरा’ अजून सापडलेलाच नाही, ही गोष्ट प्रोग्रामला वेगळी सांगायला हवी. आणि ७, ७, ७ दिलं तर? दुसरा सर्वांत मोठा आकडा ७ म्हणायचा, की नाहीच म्हणायचा? हे प्रश्न देणाऱ्याला विचारावं लागतं. तो प्रश्न तुला पडला, की लॅबमध्ये हात वर करून विचार. प्रश्नच अर्धवट सांगितलेला आहे हे ओळखणं ही या विषयातली मोठी समज आहे, आणि ती की-बोर्डवरच्या वेगाने येत नाही.

म्हणून रोज एक करून बघ. वर्गातला एखादा छोटा प्रोग्राम घे, त्यात एकच गोष्ट बदल. ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’ कर, किंवा दोन ओळींची अदलाबदल कर. रन करण्याआधी वहीत लिही की आता काय छापून येईल. मग चालव. जिथे तुझं उत्तर आणि स्क्रीनवरचं उत्तर जुळत नाही, तिथे थांबून शोध. असं काही आठवडे केलंस, की कोऱ्या स्क्रीनवर पहिली ओळ आपोआप सुचायला लागते, कारण ती ओळ काय करणार हे तुला आधीच दिसत असतं. आणि कंपाइलरने (आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरने) एरर्सचा ढीग दाखवला तर घाबरू नकोस. सगळ्यात वरची एरर वाच, तेवढीच दुरुस्त कर, पुन्हा कंपाइल कर. खालच्या बऱ्याचशा त्या पहिलीमुळेच आलेल्या असतात.

शाळेपासून कोडिंग करणाऱ्यांचं म्हणशील, तर त्यांची बोटं सरावलेली आहेत, एवढंच. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) सुरू झालं की त्यांनाही वही काढावी लागते.

प्रश्न : सी, जावा, पायथन – आधी कोणती भाषा शिकू? प्रत्येक सीनियर वेगळं सांगतो.

उत्तर : तुझ्या कॉलेजात जी पहिली शिकवतात तीच, आणि एक अख्खं वर्ष ती एकच. सी १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवली, पायथन १९९१ मध्ये लोकांपुढे आली, जावा १९९५ मध्ये. तिन्ही आजही वापरात आहेत, त्यामुळे कुठलीही शिकलास तरी वाया जाणार नाही. सी शिकताना मेमरी डोळ्यांसमोर येते, हा तिचा फायदा. ॲरेचा, म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेल्या घटकांच्या यादीचा, पहिला घटक शून्याव्या क्रमांकावर का असतो? तो क्रमांक म्हणजे ॲरेच्या सुरुवातीपासून किती घटक पुढे जायचं ते अंतर, आणि पहिल्या घटकासाठी अंतर शून्यच. हे एकदा दिसलं की कुठल्याही भाषेतला ॲरे कळतो.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये इंडक्शन, रिकरन्स रिलेशन, मॉड्युलर अरिथमेटिक असं बरंच आहे. नोकरीत हे कोण विचारतं? पास होण्यापुरतं केलं तर चालेल का?

उत्तर : पास होण्यापुरतं करशील तर ते पुन्हा करावं लागेल, अल्गोरिदमच्या पेपरला. तेव्हा वेळ कमी असेल.

फिबोनाची (०, १, १, २, ३, ५ ही मालिका) तू रिकर्शनने लिहिलाच असशील : आधीच्या दोन पदांची बेरीज, शून्याव्या आणि पहिल्या पदाला थांबायचं. पाचवं पद काढायला ते फंक्शन १५ वेळा बोलावलं जातं. झाड काढून मोज, बरोबर १५ भरतील. आता चाळिसावं पद काढायला किती वेळा? चालवून बघू नकोस, आधी सांग. एका पदासाठी लागणाऱ्या कॉल्सची संख्या म्हणजे आधीच्या दोन पदांच्या कॉल्सची बेरीज अधिक एक. हेच तुझं रिकरन्स रिलेशन. ते सोडवलं की उत्तर येतं ३३,११,६०,२८१. तेहेतीस कोटींवर कॉल्स, एका पदासाठी! आणि काढलेलं प्रत्येक पद एकदा लिहून ठेवलं, तर ३९ बेरजांत काम होतं. कुठला प्रोग्राम पटकन संपेल आणि कुठला रखडेल, हे रन न करता सांगायची ताकद त्या ‘कंटाळवाण्या’ धड्यात आहे.

आता इंडक्शन, म्हणजे पहिल्या पायरीला खरं आणि एका पायरीवरून पुढचीलाही खरं, एवढं दाखवून सगळीकडे खरं ठरवायची पद्धत. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर फेरीला निम्मी करत शोधताना, ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोन हद्दी असतात. प्रत्येक फेरीला एक गोष्ट खरी राहायला हवी : शोधायचा आकडा यादीत असलाच, तर तो या दोन हद्दींच्या आतच आहे. पहिल्या फेरीआधी ती खरी असते. एका फेरीत खरी असेल तर पुढच्या फेरीतही खरी राहते, हे दाखवायचं. याला लूप इनव्हेरियंट म्हणतात आणि हे सरळसरळ इंडक्शनच आहे. ज्यांना ते मांडता येतं त्यांना हद्द सरकवताना ‘मिड’ (मधला क्रमांक) लिहायचं की ‘मिड अधिक एक’, यावर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आणि मॉड्युलर अरिथमेटिकचा, म्हणजे घड्याळासारखं हद्द संपली की पुन्हा मागे वळणाऱ्या गणिताचा, किस्सा तर प्रत्येक वर्गात सांगावा असा आहे. ‘मिड’ काढताना आपण लो आणि हाय यांची बेरीज करून दोनने भागतो. गणितात ते निर्दोष आहे. पण ३२ बिटांच्या साइन्ड इंटिजरमध्ये (धन-ऋण पूर्णांक ठेवायच्या जागेत) सर्वांत मोठी संख्या मावते ती २,१४,७४,८३,६४७. बेरीज त्यापुढे गेली की ती ऋण होते आणि प्रोग्राम ॲरेच्या बाहेर हात घालतो. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये ही चूक कित्येक वर्षं होती. ते कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये जाहीरपणे लेख लिहून ती समजावून सांगितली. यादीत १०७ कोटींहून जास्त घटक असतील तेव्हाच ती बाहेर पडते, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. उपाय छोटा आहे : हायमधून लो वजा करा, अर्धं करा, मग ते लोमध्ये मिळवा. तेच उत्तर येतं आणि बेरीज कधीच हद्द ओलांडत नाही. कागदावरचे पूर्णांक संपत नाहीत, मशीनमधले संपतात, आणि संपल्यावर कुठे वळतात हे तो धडा सांगतो.

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर असतो. अभ्यास करतो की नुसता बसतो, ते आम्हाला कळत नाही, आमचा हा विषयच नाही. परवा म्हणाला, “आता कोड एआय लिहून देतं.” मग या डिग्रीचं काय? काळजी वाटते.

उत्तर : तुमची काळजी समजते. मुलगा म्हणतो ते खोटं नाही. पहिल्या दोन वर्षांच्या बहुतेक असाइनमेंट्सचं चालणारं कोड आज मागितलं की मिळतं. ते वापरायला माझी हरकत नाही, पण न वाचता सबमिट करायला आहे. व्हायवाला मी एकच प्रश्न विचारते : ही एक ओळ काढून टाकली तर काय होईल? ज्याने स्वतः लिहिलंय किंवा मिळालेलं कोड ओळ न ओळ तपासलंय, तो क्षणभर विचार करून सांगतो. इतर जण लॅपटॉपकडे हात नेतात. एआयने दिलेल्या कोडमध्येही ‘दुसरा सर्वांत मोठा’सारख्या चुका राहतात आणि त्या पकडणारं माणूस लागतंच. ते माणूस घडवायला ही तीन-चार वर्षं आहेत.

तुम्हाला विषय यायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, लॅपटॉप बंद असताना, त्याला विचारा : या आठवड्यात काय केलंस, ते मला समजेल असं सांग. डेटाबेस असेल तर एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की काय बिघडतं, ते त्याने तुम्हाला साध्या उदाहरणाने सांगितलं पाहिजे. सांगताना अडखळला तर रागावू नका, उद्या सांग म्हणा. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून सांगायला आला, तर रात्रीची जागरणं सत्कारणी लागताहेत असं समजा. मात्र झोपेचं तेवढं जरूर बघा. पेंगुळलेल्या डोळ्यांनी दोन तास शोधलेली चूक सकाळी पाच मिनिटांत सापडते, हे मी मुलांना नेहमी सांगते.

प्रश्न : ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या लॅबमध्ये दोन थ्रेड्स (एकाच प्रोग्राममधली, एकाच वेळी चालणारी कामं) केले. दोन्ही एकाच काउंटरमध्ये एक-एक लाख वेळा १ मिळवतात. उत्तर दोन लाख यायला हवं. मला दर वेळी वेगळंच येतं, कधी दीड लाख, कधी त्याहून कमी. पार्टनर म्हणतो लॅपटॉप बिघडलाय. ऑप्टिमायझेशन (कंपाइलरने कोड वेगवान करणं) चालू केलं तर मात्र दोन लाख येतात!

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे, आणि हा प्रयोग तू अर्धवट सोडला नाहीस याचा मला फार आनंद झाला. काउंटरमध्ये १ मिळवणं ही आपल्याला एक ओळ दिसते, पण प्रोसेसरसाठी त्या तीन गोष्टी आहेत : मेमरीतून किंमत वाचणं, तिच्यात १ मिळवणं, परत मेमरीत लिहिणं. दोन्ही थ्रेड्सनी एकाच वेळी ५० वाचलं, तर दोघेही ५१ लिहितील आणि एक बेरीज हरवेल. ऑप्टिमायझेशन लावल्यावर कंपाइलर अख्खा लूप मोडून एकदम एक लाखाची बेरीज करू शकतो. मग टक्कर व्हायला जागाच फारशी उरत नाही आणि उत्तर बरोबर दिसतं. दोष तिथेच असतो, फक्त दिसत नाही. तो काढायचा तर म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लाव, किंवा काउंटर ॲटॉमिक कर, म्हणजे या तीन गोष्टी मधे न तुटता एकदम होतील.

पण त्याआधी पार्टनरला एक कोडं घाल. ऑप्टिमायझेशन बंद असताना उत्तर कमीत कमी किती येऊ शकतं? वर्गात बहुतेक जण एक लाख म्हणतात. खरं उत्तर आहे २. तुझा पहिला थ्रेड ० वाचतो आणि तिथेच थांबवला जातो. दुसरा ९९,९९९ फेऱ्या पुऱ्या करतो. मग पहिला जागा होऊन १ लिहितो, सगळी मेहनत पुसली. आता दुसरा आपल्या शेवटच्या फेरीसाठी तो १ वाचतो आणि थांबवला जातो. पहिला आपल्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या संपवतो. शेवटी दुसरा जागा होतो आणि आपल्याकडच्या १ मध्ये १ मिळवून २ लिहितो. प्रत्यक्षात असं घडायची शक्यता जवळपास नाही, पण नियमात बसतं. दोघांनी मिळून हे एक लाखाऐवजी तीन फेऱ्या घेऊन रकान्यांत मांडा. १ का येऊ शकत नाही, तेही त्याच कागदावर सिद्ध करा आणि मला पाठवा.