फिस्टुला म्हणजे दर वेळी भगंदर नव्हे

प्रश्न असा आहे: वडिलांच्या अहवालात ‘स्पायनल ड्युरल आर्टिरिओव्हेनस फिस्टुला’ची शंका लिहिली आहे. शब्दकोशात फिस्टुलाला ‘भगंदर’ दिले आहे. घरच्यांना ‘मणक्याचा भगंदर’ असे सांगितले तर चालेल का?

नाही, चालणार नाही. भगंदर हा शब्द जागेला बांधलेला आहे. सुश्रुतसंहितेत त्याचा संबंध भग, गुद आणि बस्ती या भागांच्या दारणाशी, म्हणजे ते फाटण्याशी, लावला आहे आणि मराठीत गुदद्वाराजवळचा पू वाहणारा मार्ग एवढाच त्याचा अर्थ रूढ आहे. लॅटिन ‘फिस्टुला’ म्हणजे नुसती नळी. नको तिथे दोन पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या की वैद्यक त्याला फिस्टुला म्हणते, जागा कोणतीही असो. डायलिसिससाठी हातातली रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) आणि नीला (हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी) मुद्दाम शस्त्रक्रियेने जोडतात, त्यालाही फिस्टुलाच म्हणतात.

‘नाडीव्रण’ हा आयुर्वेदातला शब्द त्या मानाने जवळचा, कारण त्यातली नाडीसुद्धा पोकळ नळीच. पण व्रण म्हटले की जखम आणि पू आलेच, आणि या आजारात दोन्ही नसतात. शिवाय आज नाडी म्हटले की लोक मनगट पुढे करतात.

आजार नेमका काय आहे ते पाहिले की शब्द शोधणे सोपे जाते. मज्जारज्जूभोवती दृढतानिका हे जाड आवरण असते. त्या आवरणात, चेतातंतूचे मूळ जिथून बाहेर पडते तिथे, एक बारीक रोहिणी थेट नीलेला मिळते. एरवी दोघींच्या मध्ये असणारे केशवाहिन्यांचे जाळे इथे नसल्याने रोहिणीतला जोराचा दाब सरळ नीलेत शिरतो. मग मज्जारज्जूतल्या रक्ताला बाहेर पडायला वाट उरत नाही, ते तुंबते आणि रज्जूला सूज येते. पाय जड होतात, बधिरता येते, पुढे लघवी-शौचावरचा ताबा जातो. हे सगळे इतके सावकाश होते की पुष्कळदा ‘गादी सरकली’ म्हणूनच उपचार चालू राहतात. बहुतेक रुग्ण पन्नाशीपुढचे पुरुष असतात. जोड नेमका कुठे आहे हे अँजिओग्राफीत दिसते. मग तो शस्त्रक्रियेने किंवा रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीतून विशिष्ट गोंद सोडून बंद करतात.

म्हणजे इथे मुद्दा ‘थेट जोड’ हा आहे. घरी सांगताना मी ‘मज्जारज्जूच्या आवरणातला रक्तवाहिन्यांचा चुकीचा थेट जोड’ असे म्हणेन. लेखी मजकुरात ‘रोहिणी-नीला थेट जोड’ लिहून पुढे फिस्टुला हा शब्द तसाच ठेवावा, कारण डॉक्टरांच्या तोंडी आणि कागदोपत्री तोच भेटणार.

‘शिरांचा जोड’ मात्र लिहू नये, यावर माझा विशेष भर आहे. शीर म्हणजे रक्तवाहिनी हे खरे, पण बोलण्यात ‘शीर दबली’, ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात चेतातंतू असतो. पाठीच्या दुखण्यात तर हमखास तोच अर्थ घेतला जातो. इथे दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि बिघाड रक्तवाहिनीत आहे. घरच्यांनी शीर ऐकले की ते मालिश आणि शेक यांकडे वळतील. अशा आजारात वेळ फार मोलाचा असतो, कारण जोड लवकर बंद झाला तर पायांतली ताकद टिकण्याची, काही अंशी परत येण्याचीही शक्यता जास्त असते.

अहवालात ‘एव्हीएम’ (आर्टिरिओव्हेनस मालफॉर्मेशन) असे लिहिलेले असेल तर तो वेगळा प्रकार आहे. त्यात एकच जोड नसून रोहिण्या आणि नीलांचे वेडेवाकडे जाळे असते, त्याला ‘रक्तवाहिन्यांचा गुंता’ म्हणता येईल. फिस्टुलाला मात्र गुंता म्हणू नये.